सोळावी चाल

सुपातली ज्वारी अर्धी पाखडून झाली होती, अर्धी टोपल्यात तशीच होती, तेवढ्यात पांडुरंगराव दारात येऊन उभे राहिले. भाऊजींना जाऊन आज नववा दिवस. सुतकाच्या घरी लोक बसायला येतात, दोन शब्द बोलतात आणि पाण्याला न शिवता उठतात, म्हणून मला नवल वाटलं नाही. मी सूप बाजूला सारलं, पदर सावरला आणि घोंगडी टाकली. हे बाजारहत्नूरला गेले होते, भाऊजींच्या खोलीवरचं सामान आणायला. भाऊजींच्या बायको, आमच्या प्रयागबाई, आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

पांडुरंगराव बसले. काठी मांडीवर आडवी ठेवली.  मग म्हणाले, "सूनबाई, ते वही हाय का तुह्यापाशी? उद्धवाच्या डावाची?"

मी म्हटलं, "आहे."

"अन् पट?"

बुद्धिबळाचा पटही होता. दोन्ही आणून पुढे ठेवलं. त्यानंतर जे झालं ते लिहायचं आहे, पण भाऊजी कोण होते हे आधी लिहिलं नाही तर कुणाला काही समजणार नाही.

उद्धवराव माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन तामसीत आले तेव्हा ते उर्दू शाळेत जात होते. मी सकाळी तुळशीला पाणी घालायची आणि ते ओसरीवर बसून मोठ्यानं धडा म्हणायचे. मला एक अक्षर समजत नसे, पण त्या आवाजातच माझी प्रदक्षिणा व्हायची. पुढे आदिलाबादच्या कचेरीत हंगामी कारकून म्हणून लागले. वर्ष-दोन वर्षं झाली असतील, पोलीस ॲक्शन झाली. निजामशाही गेली, आणि कचेरीतले उर्दू कागद बांधून कोठीत टाकले. भाऊजी इंग्रजी शिकले. छप्पन साली जिल्ह्याचे तुकडे झाले. किनवट, राजुरा तिकडे मुंबई राज्यात गेले, आमची गावं इकडे आंध्रात राहिली. कचेरीत तेलुगू आलं. तेव्हा भाऊजी तिशीचे होते. दुपारची भाकरी झाली की खडूनं फरशीवर अक्षरं गिरवत बसायचे.

"वहिनी, या अक्षराईले धरावं कुठून, तेच समजून नाई राह्यलं. सारेच गोल!"

"धरू नका. नुसतं पाया पडा," मी म्हणायची.

हसायचे. हसरा माणूस होता, हे मला इथं मुद्दाम लिहून ठेवायचं आहे. नंतर ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांना ते खरं वाटणार नाही.

त्या छप्पन सालीच आमच्या गावानं अर्ज केला होता की आम्ही मराठी बोलणारे, आम्हाला मुंबई राज्यात घाला. सगळ्या गावाच्या सह्या झाल्या, आंगठे झाले. भाऊजींची सही नव्हती. सरकारी नोकराला सही करता येत नव्हती. अर्जाचं काही झालं नाही, पण कोणाची सही नव्हती हे लोकांच्या ध्यानात राहिलं.

तरी गावात त्यांचं एक स्थान होतं. मारुतीच्या देवळात माघात सप्ता बसतो, त्यात पखवाज भाऊजींचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते, तेव्हा कुठे तो घुमतो. सप्त्याचे सात दिवस संध्याकाळी मी परातीतला एक गोळा वेगळा काढून ओल्या फडक्यात ठेवायची, तो ते जाताना घेऊन जायचे. नोकरी हंगामी होती, भाषा दर दहा वर्षांनी बदलत होती, पण सप्त्यात त्यांच्या जागेवर दुसरं कोणी बसत नव्हतं. त्यांना त्याचंच मोठेपण वाटायचं.

आणि बुद्धिबळ. ते पांडुरंगरावांनी शिकवलं. पांडुरंगराव भाजीमळेवाले, भजनी मंडळातले सगळ्यात वडील, आणि पटावर त्यांच्यासमोर तलमडुगूपर्यंत कोणी बसायला धजत नसे. दुपारी मारुतीच्या पारावर पट मांडायचे. भाऊजी लहानपणापासून त्यांच्यासमोर. खेळून आले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत मला सांगायचे, आणि मी ते वहीत उतरवायची. माझी वही रोजची. तिथी, किती माळा जप झाला, उपास, कोण आलं, कोण गेलं. त्याच्याच खाली भाऊजींचा डाव. मला खेळता येत नाही, पण पंधरा वर्षं लिहून लिहून डाव वाचता येऊ लागला.

पांडुरंगरावांची एक मांडणी होती. आपल्याकडच्या जुन्या रिवाजात राजाला एक सवलत आहे. त्याला तोवर एकही शह लागला नसेल तर सबंध डावात एकदा तो घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारू शकतो. पांडुरंगरावांची सगळी सुरुवात त्या उडीवर उभी होती. राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचं. त्याच्या मागच्या घरात उंट आणून ठेवायचा, तो तिथून लांबवर मारा करतो. कोपऱ्यातला हत्ती राजाशेजारी आणायचा. राजा मधेच ठेवायचा, म्हणजे समोरच्याला वाटतं की हा उघडा पडला. तो सगळं घेऊन मधे चालून आला की उंट त्या घरातून काढून कोपऱ्यात न्यायचा आणि दुसऱ्या चालीत राजा उडी मारून त्या रिकाम्या घरात बसतो. समोरच्याचा हल्ला फुकट जातो. त्या घराला ते 'राजाचं घर' म्हणत. माझ्या वहीत ही मांडणी शंभर वेळा तरी असेल.

सत्तावन सालच्या नोव्हेंबरात नव्या राज्याला वर्ष झालं म्हणून आदिलाबादला कचेरीच्या लोकांनी सामने ठेवले, त्यात बुद्धिबळही होतं. कायदा नवा, छापील. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं. राजाला उडी नाही, त्याऐवजी किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत जागा बदलतात, पण त्यातला एक जरी आधी हलला असला तरी तो बंद. आणि ज्या मोहऱ्याला हात लावला ते चालवलंच पाहिजे. भाऊजींनी तो कागद आणून महिनाभर पाठ केला. पाच डाव नव्या कायद्यानं खेळले आणि पाचही जिंकले. गावाला इतका आनंद झाला की अर्जावर सही नसल्याचं कोणी बोलेना. शेवटचा डाव वरंगलकडून आलेल्या नव्या साहेबांशी होता. तामसीतून सात-आठ जण बसनं पाहायला गेले. भजनी मंडळाचा महिपत टाळकरी म्हणाला, "उद्धवराव, आपल्या सह्या नाई चालल्या, तुमचा घोडा तरी चालू द्या!"

भाऊजी हरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर येऊन बसले, नेहमीसारखे. मी चूल सारवत होते, हात धुऊन वही घेतली. त्यांनी एकेक चाल सांगितली. पंधरा चालींपर्यंत आवाज सरळ होता. सोळावी, उंट कोपऱ्यात. सतरावी सांगताना थांबले.

"वहिनी, मी राजा उचलला अन् उडी मारली. घरी ठेवला बी. साहेब बिचारा माह्याकडं पाहतच राह्यला. पंच आले, म्हने उडी नाई चालत, पण राजाले हात लावला, राजाच चालवा. हत्ती पयलेच हलला होता, म्हंजे किल्लेकोट बंद. दोनच घरं होती. एका घरात सरळ मात, दुसऱ्या घरात घोड्याच्या शहात वजीर जात होता. मी वजीर देल्ला."

"विसरलात?"

"मी नाई विसरलो. हात विसरला."

मी लिहिलं. खाली त्या दिवशीचा जप लिहिला, अकरा माळा.

महिन्याच्या आत भाऊजींना कायम केल्याचा हुकूम आला. तेलुगूची परीक्षा ते सहा महिन्यांपूर्वीच पास झाले होते, हुकूम त्याचा होता. पण गावाला परीक्षा दिसली नव्हती, डाव दिसला होता. जे बसनं गेले होते त्यांनी काय पाहिलं? भाऊजींनी राजा उचलला, साहेबांकडे पाहिलं, इंग्रजीत काही बोलणं झालं, आणि राजा अशा घरी नेऊन ठेवला की वजीर गेला.

"काय बाबूसाहेब, वजीर देल्ला अन् खुर्ची घेतली म्हने!"

"पाच डाव ध्यानात राह्यलं, सहाव्यातच काऊन विसरले बाप्पा? साहेब समोर होता म्हून?"

भाऊजी आधी उत्तरं द्यायचे. मग हसून न्यायचे. मग नुसते खाली पाहून जाऊ लागले. प्रयागबाई आडावर गेल्या की बाया घागरी उचलून बाजूला सरायच्या. कोणी भांडत नव्हतं. भांडले असते तर बरं झालं असतं.

माघ जवळ आला. महिपतनं पारावर सरळ सांगितलं की ज्यानं गावाची अब्रू साहेबाला दिली त्याच्या पखवाजावर आम्ही टाळ धरणार नाही. हे चिडले. म्हणाले, "डाव लिहून आहे. पांडुरंगरावांसमोर मांडा. ते म्हणतील ते खरं." महिपत कबूल झाला. सगळेच कबूल झाले, कारण पटाच्या बाबतीत पांडुरंगरावांच्या शब्दावर शब्द नव्हता.

मी त्या डावाची नक्कल वेगळ्या कागदावर काढून दिली. एकादशीच्या दुपारी पारावर पट मांडला. आम्ही बाया देवळाच्या खांबांमागे होतो. हे कागद वाचत होते आणि पांडुरंगराव दोन्ही बाजूंची मोहरी हलवत होते. प्रत्येक चालीला काही तरी बोलायचे. प्यादं सरकलं तर "बरोबर." उंट बसला तर "हा, असाच." हत्ती राजाशेजारी आला तेव्हा क्षणभर थांबले. "हं." माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, त्यांना ओळख पटली. ही त्यांचीच मांडणी, चालीमागून चाल. आता सोळावी आली की ते म्हणणार, अरे, हा तर राजाचं घर रिकामं करून राह्यला, याचा हात जुन्या वाटेनं गेला. विकणारा माणूस असं कशाला करील? विकायचाच असता तर डाव पन्नास तऱ्हांनी हरता आला असता.

यांनी वाचलं, "सोळावी. उंट कोपऱ्यात."

पांडुरंगरावांनी उंट उचलला, कोपऱ्यात ठेवला, आणि हात मागे घेतला. वर पाहिलं. भाऊजी समोर उभे होते. भाऊजींनीही त्यांच्याकडे पाहिलं.  भाऊजींच्या ओठांवर काही तरी आलं होतं, ते त्यांनी गिळलं, हे मी खांबामागून पाहिलं.

पांडुरंगराव म्हणाले, "या चालीचा अर्थ मले लागत नाई."

"आमाले लागला!" महिपत म्हणाला, आणि लोक हसले.

मी पुढे सरणार होते. माझ्या सासूबाईंनी माझं मनगट धरलं. बाईनं पारावर बोलायचं नाही, तेही बुद्धिबळावर, तेही पांडुरंगराव बोलल्यावर. मी गप्प राहिले. देवासमोर सांगते, ही माझी चूक आहे आणि ती वहीत त्या तारखेला लिहिलेली आहे.

सप्त्याला पखवाज तलमडुगूच्या माणसानं वाजवला. आमचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. सातही दिवस भाऊजी आतल्या खोलीत बसून होते. पहिल्या दिवशी सवयीनं माझ्या हातून कणकेचा गोळा वेगळा निघाला. त्यांनी परातीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, त्याची पोळी लाटून टाका."

फाल्गुनात त्यांनी बाजारहत्नूरची बदली मागून घेतली. तिकडे कोणी मागून जात नाही, म्हणून लगेच मिळाली. खोली लहान, म्हणून प्रयागबाई इकडेच राहिल्या. आधी महिन्याला यायचे, मग सणाला, मग सणालाही नाही. एकदा हे भेटून आले तेव्हा मी विचारलं, तिथं कोणाशी पट मांडतात का? हे म्हणाले, "पट दिसला तर उठून जातो." दीड वर्ष असं गेलं. श्रावणात ताप आला. तिथल्या शेजाऱ्यानं निरोप धाडला तेव्हा चौथा दिवस होता. आम्ही दोन बसगाड्या बदलून पोचलो तोवर घराबाहेर लोक बसलेले होते. कचेरीतले होते सगळे. तेलुगूत काही काही बोलत होते आणि एक जण रडत होता. आपल्या गावचं कोणी नव्हतं.

हा माणूस असा होता. आता आजचं लिहिते.

पांडुरंगरावांनी पट मांडला. मी वही उघडून वाचू लागले. या वेळी ते काही बोलत नव्हते, नुसता हात हलत होता. सोळाव्या चालीला उंट कोपऱ्यात नेला. मग माझ्या वाचण्याची वाट न पाहता त्यांनी राजा उचलला आणि उडी मारून रिकाम्या घरात ठेवला.

"इथं बसाले निंगाला होता तो," म्हणाले.

"मला माहीत आहे."

"तुले माईत हाय?"

"शंभर वेळा लिहिली आहे मी ही मांडणी. तुमचीच आहे. तुम्हालाही त्या दिवशी कळलं होतं."

त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, कळलं नाही. मग बोलू लागले, आणि माझ्याकडे नाही, पटाकडे पाहून बोलत होते.

"पाच डाव तो त्याईच्या मांडणीनं खेळला. लोकं मले येऊन सांगत, तुमचा चेला नव्या तऱ्हेनं खेळते, लई भारी खेळते. माह्या मनाले लागलं, सूनबाई. वीस वर्षं शिकवलं ते काय मंग? शेवटच्या डावाच्या आदल्या दिवशी तो पाया पडाले आला. मी म्हनलो, उद्धवा, हा डाव आपल्या मांडणीनं खेळ. लोकाईले कळू दे, जुनं बी जिंकते. तो म्हने, काका, त्यात उडी नाई न. मी म्हनलो, उडीबिगर बी चालते. मले का माईत चालते का नाई? म्या कधी खेळून पाह्यली होती?"

मी वही मिटली नाही. पेन्सिल हातात होती.

"अन् पारावर?"

"पारावर काय सांगू? मीच हरवला म्हून सांगू? सारं गाव बसलं होतं. मले वाटलं, हा सांगंन. यानं सांगतलं असतं तर मी नाई म्हनलो नसतो. पन त्यानं नुसतं पाह्यलं."

आतल्या खोलीच्या दाराशी आवाज झाला. प्रयागबाई उठून उभ्या होत्या. नऊ दिवसांत त्या पहिल्यांदा आपणहून उठल्या.

"काका, मी पावणेदोन वर्षं आडावर एकटी पानी भरलं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "माह्या मालकानं मले बी नाई सांगतलं तुमचं नाव."

पांडुरंगरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. काठी हातात घेतली.

मी म्हटलं, "हे पारावर सांगा. जसं आता बोललात तसं."

"आता? उद्धव गेला. आता कोनाले काय भेटनार त्यातून?"

"यांना भेटेल," मी प्रयागबाईंकडे बोट केलं.

"सूनबाई, माहे किती दिवस राह्यले? लोकं नाव काढते माहं. पंचक्रोशीत एवढंच हाय माह्यापाशी." मग एकदम वहीकडे पाहून म्हणाले, "तू हे लिहून तर नाई राह्यली?"

"लिहून झालं."

"खोडून टाक."

"मी वहीत खोडत नाही. जप चुकला तरी खोडत नाही."

"तुळशीची आन घाल. कोनाले दाखवनार नाई म्हून."

तुळशीची शपथ मी आजवर कोणाला नाकारली नव्हती. आज नाकारली. म्हटलं, "सुतकात तुळशीला शिवता येत नाही, आणि सुतक फिटल्यावर घालणार नाही."  ते काठीवर भार देऊन उठले. माझ्यापुढे हात जोडले. माझ्या सासऱ्यांच्या वयाच्या माणसानं माझ्यापुढे हात जोडावेत, ह्याचं मला पाप लागेल की काय, माहीत नाही. मी त्यांना दारापर्यंत पोचवलं. उंबरा उतरताना त्यांचा तोल गेला, तेव्हा मी त्यांचा दंड धरला. अगदी हाडं लागली हाताला.

प्रयागबाई पटापाशी येऊन बसल्या होत्या. राजा त्यांनी बोटानं ढकलून पाहिला.

"वयनी, हेच का ते घर?"

"हेच."

"एवढंसंच हाय व."

 त्यांनी लुगड्याच्या पदरानं पटावरची धूळ पुसली, पण मोहरी हलवली नाहीत.

संध्याकाळच्या बसनं हे परत आले. एक ट्रंक, एक वळकटी, आणि तेलुगू अक्षरांच्या गिरवलेल्या वह्या. मी यांना सगळं सांगितलं. हे पायरीवर बसले. मग म्हणाले, "पांडुरंगराव नाही येणार पारावर. मीच बोललो तर लोक म्हणतील, भाऊ आहे, म्हणून बोलतो."

"मग मी बोलते."

"तू? पारावर?"

"डाव मला येतो. तुम्हाला येतो का?"

यांनी ट्रंक उचलून आत नेली. नाही म्हणाले नाहीत.

परमेश्वर मला वाचा देईल की नाही, हे आज सांगता येत नाही. लोक हसतील, महिपत काही तरी बोलेल, सासूबाई गेल्या साली गेल्या, त्या असत्या तर त्यांनी पुन्हा मनगट धरलं असतं. पांडुरंगराव समोर बसलेले असतील आणि त्यांचं नाव मला त्यांच्या तोंडावर घ्यावं लागेल, ही गोष्ट मला सगळ्यात जड जाणार आहे. तेरवीनंतर सुतक फिटतं. त्यानंतरच्या शनिवारी सप्त्याची माणसं ठरवायला मारुतीच्या पारावर बैठक आहे. त्या दिवशी दुपारी वही आणि पट घेऊन मला तिथं जायचं आहे.